सचिवालय हलले नाही

पहाटेची मिस्सा आटोपून लोक चर्चबाहेर पडतात, तेव्हा त्यांतील काहींची पावले घराकडे वळत नाहीत. त्यांना वसई रोड स्थानकावर चर्चगेटची गाडी गाठावयाची असते. जाताना पन्नास किलोमीटरांहून अधिक आणि येताना तितकाच प्रवास, तोही उभ्याने. वसईच्या दोन-तीन पिढ्यांचे अर्धे आयुष्य या प्रवासात गेले. डब्यातील गर्दीचे खापर आपण कधी रेल्वेच्या कारभारावर फोडतो, कधी वाढत्या लोकसंख्येवर, तर कधी बाहेरून येणाऱ्या माणसांवर. एक साधा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही. इतक्या माणसांच्या नोकऱ्या बेटाच्या त्या दक्षिण टोकालाच का?

हा प्रश्न साठ वर्षांपूर्वी विचारला गेला होता. त्याचे उत्तर सापडले होते, शासनाने ते स्वीकारलेही होते. आणि त्याच शासनाने त्याच वर्षांत त्या उत्तराच्या नेमके उलट वर्तन केले. नियोजनाच्या इतिहासात इतके बोधप्रद उदाहरण आपल्या घराजवळ दुसरे नाही, म्हणून ती हकिगत येथे सांगावी असे आम्हांस वाटते.

नरिमन यांचे नाव

कथेचा आरंभ थोडा मागे जाऊन करावा लागेल. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत जागेची टंचाई भयंकर झाली होती. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारने १९२० साली एक स्वतंत्र विकास खाते निर्माण केले. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधावयाच्या आणि कुलाबा ते चौपाटीपर्यंतच्या उथळ समुद्रात भराव घालून ११४५ एकर नवी जमीन काढावयाची, असे दोन संकल्प त्याने सोडले. पैसा उभारण्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसविला. खोल्यांचा संकल्प बी. डी. डी. चाळींच्या रूपाने जेमतेम तृतीयांश पार पडला. भरावाचा संकल्प तर खर्चात, गळतीत आणि गैरव्यवहाराच्या आरोपांत बुडाला. लोक त्याला 'लॉइडसाहेबांचा वेडेपणा' म्हणू लागले.

या कारभाराचे वाभाडे काढणारा तरुण वकील म्हणजे खुर्शेद फ्रामजी नरिमन. त्यांच्यावर हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने अब्रुनुकसानीचा खटला भरला. १९२८ मध्ये नरिमन निर्दोष सुटले आणि 'वीर नरिमन' म्हणून मुंबईच्या तोंडी झाले. आठ भागांच्या त्या योजनेतील चारच भाग पुरे झाले, उरलेले समुद्रातच राहिले. स्वातंत्र्यानंतर त्या उरलेल्या भागांत पुन्हा भराव पडू लागला आणि त्यातून वर आलेल्या जमिनीला 'नरिमन पॉइंट' असे नाव मिळाले. ज्या योजनेशी ते आयुष्यभर झगडले, तिच्याच उत्तरार्धाला त्यांचे नाव लागले. इतिहासाला विनोदबुद्धी असते ती अशी.

खाडीपलीकडे

इकडे शहर फुगतच होते. १९५१ साली बृहन्मुंबईची लोकसंख्या तीस लाखांच्या घरात होती. १९६१ मध्ये ती साडेएकेचाळीस लाख झाली आणि १९७१ मध्ये साठ लाखांना टेकली. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस खाडी आणि बंदर. मधल्या चिंचोळ्या पट्टीवर दोन रेल्वेमार्ग. सकाळी सारे दक्षिणेस, संध्याकाळी सारे उत्तरेस. हे फार काळ चालणार नाही, हे जाणत्यांना दिसत होते. १९४८ मध्येच महापालिकेचे अभियंते मोडक आणि अमेरिकन नियोजनकार मेयर यांनी शहराची वाढ बाहेर वळविण्याचा आराखडा मांडला होता. १९५८ साली शासनाने सदाशिव गोविंद बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला आणि त्याने ठाणे खाडीवर पूल बांधून पलीकडील मुख्य भूमीवर वसाहत वाढवावी असे सुचविले. १९६५ मध्ये अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांची समिती आली. उद्योगांचे विकेंद्रीकरण करावे आणि साऱ्या प्रदेशाचे नियोजन एकत्रित व्हावे, हा तिचा आग्रह होता. त्यातूनच १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम जन्मास आला.

त्याच १९६५ साली मुल्कराज आनंद संपादित करीत असलेल्या 'मार्ग' या नियतकालिकात तीन तरुणांचा एक प्रस्ताव प्रसिद्ध झाला. वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया, वास्तुशिल्पी प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल हे ते तिघे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. मुंबई उत्तर-दक्षिण लांबत चालली आहे. तिला पूर्वेकडे वळवा. बंदराच्या पलीकडच्या काठावर दुसरे, तोलामोलाचे शहर वसवा. मग दोन शहरे पाण्याभोवती वर्तुळाकार उभी राहतील आणि माणसांचा ओघ एकाच दिशेने वाहणार नाही.

पण नुसती घरे बांधून शहर होत नाही. घरे स्वस्त मिळतील म्हणून माणसे जातील आणि नोकरीसाठी रोज परत येतील. आधी नोकऱ्या गेल्या पाहिजेत. त्या कोण नेणार? खाजगी कंपन्यांना हुकूम देता येत नाही. एकच मालक असा होता की जो स्वतःच्या निर्णयाने हलू शकत होता आणि जो हलला तर त्याच्यामागे वकील, बँका, कंत्राटदार, कंपन्यांची कार्यालये ही सारी वरात निघाली असती. तो मालक म्हणजे राज्य शासन. म्हणून सचिवालय, ज्याला आपण आज मंत्रालय म्हणतो, ते खाडीपलीकडे न्यावे, ही या योजनेची गुरुकिल्ली होती.

वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. १७ मार्च १९७० रोजी 'शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ', म्हणजेच सिडको, स्थापन झाले. सुमारे ३४४ चौरस किलोमीटरांचे क्षेत्र आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतील ९५ गावे नव्या शहरासाठी अधिसूचित झाली. कोरिया सिडकोचे मुख्य वास्तुशिल्पी झाले, पटेल यांच्याकडे नियोजनाची आणि बांधकामाची सूत्रे आली, व्यवस्थापकीय संचालक म्हणून जे. बी. डिसोझा यांच्यासारखा करडा सनदी अधिकारी मिळाला. वीस लाख वस्तीचे शहर उभारावयाचे होते. शेतीच्या भावाने जमीन घ्यावयाची, रस्ते-पाणी-वीज देऊन ती विकसित करावयाची, श्रीमंतांना चढ्या भावाने विकावयाची आणि त्या नफ्यातून गरिबांची घरे बांधावयाची, असे त्याचे अर्थकारण होते. कागदावर यापेक्षा चांगली योजना सांगणे कठीण.

एकाच शासनाचे दोन व्यवहार

आता सुज्ञ वाचकांनी याच वर्षांत बेटाच्या दक्षिण टोकाला काय चालले होते तिकडे दृष्टी टाकावी. नरिमन पॉइंटच्या भरावावरील भूखंड शासन एकेक करून भाडेपट्ट्याने देत होते. तेथे उंच इमारती उठत होत्या. एक्स्प्रेस टॉवर्स, ओबेरॉय हॉटेल, एअर इंडियाची इमारत ही सारी त्याच दशकातील. खाडीपलीकडे एका हाताने नवे कार्यालयकेंद्र आखावयाचे आणि दुसऱ्या हाताने जुन्या केंद्राशेजारी हजारो नव्या नोकऱ्यांची जागा विकावयाची, असा हा प्रकार होता. भूखंड जाहीर लिलावाशिवाय दिले गेल्याचे प्रकरण तर १९७४ मध्ये पिलू मोदी यांच्या याचिकेच्या रूपाने उच्च न्यायालयातही गेले. १९७३ मध्ये मंजूर झालेली महानगर प्रदेशाची योजना दक्षिण मुंबईतील कार्यालयांची गर्दी आवरण्याचा उपदेश करीत होती. त्याच साली नरिमन पॉइंटवर काँक्रीट ओतले जात होते.

आणि सचिवालय? ते जागचे हलले नाही. बेलापूरला कोकण विभागाची कार्यालये गेली, 'कोकण भवन' उभे राहिले. तेथल्या परिसराला 'सी. बी. डी.', म्हणजे मध्यवर्ती व्यापारी केंद्र, असे नाव योजनाकारांनी मोठ्या आशेने दिले होते. आज रिक्षावाला 'सीबीडी' म्हणून हाक देतो, पण त्या तीन अक्षरांत कोणते स्वप्न होते हे फार थोड्यांना ठाऊक असते. शासनाला नवे विधान भवन हवे होते, तेव्हा तेही नरिमन पॉइंटलाच बांधले गेले. १९ एप्रिल १९८१ रोजी श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सिडकोची गोष्ट तर याहून बोलकी आहे. ज्या महामंडळाने लोकांना 'खाडीपलीकडे चला' म्हणून सांगावयाचे, त्याचेच नोंदणीकृत कार्यालय अनेक वर्षे नरिमन पॉइंटच्या 'निर्मल' इमारतीत राहिले.

असे का घडले? कोणा एका व्यक्तीचा दुष्टपणा शोधून हे उत्तर मिळणार नाही. भराव घातलेला भूखंड म्हणजे तात्काळ मिळणारा पैसा होता. १९७२ च्या दुष्काळाने राज्याची तिजोरी रिकामी होत असताना तो कोणाला नको असेल? शिवाय भूखंड कोणास द्यावा हे ठरविण्याची सत्ता हीच मोठी राजकीय संपत्ती असते. नव्या शहराचा लाभ वीस वर्षांनी दिसणार होता आणि निवडणूक पाच वर्षांनी येते. राज्याच्या विधिमंडळात ग्रामीण मतदारसंघांचे वजन मोठे; मुंबईच्या गर्दीवर उपाय केल्याने त्यांतील फारच थोड्यांची मते वाढणार होती. मंत्र्यांचे बंगले मलबार हिलवर, आमदारांचे निवास जवळच, उच्च न्यायालय हाकेच्या अंतरावर. अधिकाऱ्यांच्या मुलांच्या शाळा याच भागात. सचिवालय हलवावे असे तत्त्वतः बोलणारे पुष्कळ होते. उद्या आपण बेलापूरला राहावयास जाऊ असे म्हणणारा कोणी नव्हता.

यातील प्रत्येक कारण स्वतंत्रपणे घेतले तर समजण्यासारखे आहे. अशी समजण्यासारखी कारणे एकत्र आली म्हणजे चांगली योजना मरते. तिला कोणी विरोध करीत नाही, तिच्याविरुद्ध ठराव होत नाही, तिची अधिसूचनाही रद्द होत नाही. तिचा गाभा तेवढा काढून घेतला जातो.

जे हलले ते

मात्र शासनाला कोणालाच हलविता येत नव्हते असे कोणी समजू नये. १९८१ मध्ये मुंबईचा घाऊक कांदा-बटाटा बाजार वाशीला गेला आणि पुढील पंधरा वर्षांत मसाले, धान्य, फळे, भाजीपाला हे बाजारही गेले. मशीद बंदर आणि भायखळा येथील व्यापाऱ्यांनी खळखळ केली, पण कायद्याच्या बळापुढे त्यांचे चालले नाही. तेव्हा जे हलवावयाचे शासनाने खरोखर मनावर घेतले, ते हलले.

आणि सर्वांत आधी हलले ते शेतकरी. नव्या शहराच्या जमिनीपैकी सुमारे निम्मी खाजगी होती, आगरी-कोळी कुटुंबांची भातशेती, मिठागरे आणि खाजणे. गावठाणे राहिली, पण गावाभोवतीची शेते गेली. १८९४ च्या ब्रिटिश कायद्याखाली ठरलेला मोबदला त्यांच्या हाती पडला. ज्या जमिनीच्या विक्रीवर सारे शहर उभे राहावयाचे होते, तिच्या मूळ मालकाला शेतीचा भाव मिळणार होता. योजनेच्या त्या सुंदर अर्थकारणाचा हा दुसरा पदर होता आणि तो 'मार्ग'च्या पानांत दिसत नव्हता.

जासईचे सुपुत्र आणि शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांनी या शेतकऱ्यांचा लढा उभारला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात आंदोलकांवर गोळीबार झाला. पाच शेतकरी हुतात्मे झाले. विकसित जमिनीत मूळ मालकाचा वाटा असावा, हे तत्त्व त्या रक्तातून मान्य झाले आणि १९९० मध्ये साडेबारा टक्के भूखंड परत देण्याच्या निर्णयात ते उतरले. भूसंपादनाच्या आपल्या इतिहासात ही मोठीच पायरी होती. परंतु भूखंड हाती पडेपर्यंत अनेकांची एक पिढी सरली. कित्येकांनी ते मिळण्याआधीच बिल्डरला विकून टाकले. कुटुंबे वाढली तशी गावठाणाबाहेर घरे बांधली गेली. शासनाच्या भाषेत ती अनधिकृत, गावकऱ्यांच्या भाषेत 'गरजेपोटी बांधलेली'. हा वाद दशकानुदशके चालला.

येथेच या साऱ्या हकिगतीचे मर्म आहे असे आम्हांस वाटते. एका सार्वजनिक योजनेत तीन पक्षांनी काही सोडावयाचे होते. शेतकऱ्याने शेत सोडावयाचे, व्यापाऱ्याने पेढी सोडावयाची आणि शासनाने आपली खुर्ची जिथे आहे ती जागा सोडावयाची. पहिल्या दोघांकडून ते सक्तीने घेतले गेले. तिसऱ्याकडून घेणारा कोणी नव्हता, कारण सक्तीचा अधिकार त्याच्याच हाती होता.

पन्नास वर्षांनंतर

नवी मुंबई अपयशी ठरली असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७३ मध्ये खाडीवर रस्त्याचा पूल झाला. आगगाडी वाशीला पोहोचावयास मात्र १९९२ उजाडले आणि तिच्या खर्चाचा मोठा वाटाही सिडकोलाच उचलावा लागला. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. १९९२ मध्ये महापालिका आली. रुंद रस्ते, आखीव सेक्टर, रेल्वेस्थानकांच्या प्रशस्त इमारती हे सारे नियोजनाचे फळ आहे आणि ते नाकारता येणार नाही. हळूहळू ठाणे-बेलापूर पट्ट्यात संगणक कंपन्या आल्या. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतूने बंदराचे दोन काठ जोडले, तर ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे, असा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्येच घेतला होता.

परंतु ज्या कामासाठी हे शहर जन्मास घातले ते, म्हणजे मुंबईचा भार हलका करणे, वेळेवर झाले नाही. पहिली वीस-पंचवीस वर्षे तेथे घर घेतलेली माणसे सकाळी पूल ओलांडून मुंबईलाच जात राहिली. वीस लाखांचा आकडा ठरल्या मुदतीत, म्हणजे १९९१ पर्यंत, दृष्टिपथातही आला नाही. मधल्या काळात वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. त्याने नरिमन पॉइंटची कार्यालये उत्तरेस ओढली हे खरे, पण ज्या कंपन्यांनी बेलापूरला जावे अशी अपेक्षा होती त्यांनाही ते वाटेतच भेटले. गरिबांच्या घरांचे काय? सिडकोने लहान घरे बांधली, बेलापूरला कोरिया यांनी अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी अंगणांभोवती रचलेली वसाहत देशोदेशीच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासिली. पण जे महामंडळ जमीन विकूनच जगते, त्याला जमिनीचा भाव वाढावा असेच वाटू लागते. भाव वाढला की गरीब दूर जातो. तो वसई-विरारला जातो, कल्याण-डोंबिवलीपलीकडे जातो आणि सकाळच्या गाडीत आपल्या शेजारी उभा राहतो.

संधी पुन्हा आली नाही असेही नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला भीषण आग लागली. पाच जणांचा मृत्यू झाला, मजलेच्या मजले जळाले. इमारत नव्याने उभारावयाची तर ती कोठे, हा प्रश्न त्या वेळी विचारता आला असता. नूतनीकरण झाले ते त्याच जागी. पुढे शासनाला कार्यालयांसाठी आणखी जागा अपुरी पडू लागली, तेव्हा नरिमन पॉइंटची एअर इंडियाची इमारत १६०१ कोटी रुपयांस घेण्याचा निर्णय राज्याने केला आणि २०२४ मध्ये केंद्राने त्यास संमती दिली. ज्या भरावावर कार्यालये होऊ देऊ नयेत असे योजनाकार १९७० मध्ये सांगत होते, त्याच भरावावरचा मनोरा चोपन्न वर्षांनी शासनाने आपल्याच कार्यालयांसाठी घेतला. चार्ल्स कोरिया २०१५ साली निवर्तले. हा शेवटचा अंक त्यांना पाहावा लागला नाही.

आपल्या दारी

वाचक म्हणतील, ही बेलापूर-उरणची गोष्ट, आम्हा वसईकरांना तिचे काय? ज्या गाडीत आपण उभे असतो ती गाडी हे एक उत्तर आहे. दुसरे उत्तर असे की, १९९० मध्ये वसई-विरार परिसरासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून शासनाने जे महामंडळ नेमले ते सिडकोच. आपली भाताची शेते, केळीच्या आणि पानवेलीच्या बागा, बावखले यांचा नकाशा तेव्हा बदलू लागला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली 'हरित वसई'ची चळवळ उभी राहिली, ती याच घडामोडींच्या छायेत. त्या वेळी विद्यार्थी असलेल्या आमच्यासारख्यांनी 'हरित पट्टा', 'चटई क्षेत्र' हे शब्द प्रथम ऐकले ते कोणत्या पाठ्यपुस्तकात नव्हे, गावच्या सभांत ऐकले. नकाशावरचा एक रंग पुसून दुसरा भरला की एका कुटुंबाची बाग इमारत होते आणि एका गावाची विहीर आटते, हे तेव्हा आम्हांस कळले.

राजकारण नियोजनात शिरते म्हणून आपण त्रागा करतो. ते शिरणारच. कोणाची जमीन घ्यावयाची, रस्ता कोणत्या बाजूने न्यावयाचा, पाणी आधी कोणाला द्यावयाचे हे प्रश्न मुळातच राजकारणाचे आहेत आणि लोकशाहीत ते तसेच असावेत. दि. बा. पाटील यांनी केले तेही राजकारणच होते. त्यानेच साडेबारा टक्क्यांचा न्याय मिळाला. वीर नरिमन यांनी केले तेही राजकारणच. तेव्हा राजकारण नको असे म्हणून भागणार नाही. पाहावयाचे ते एवढेच की, योजना मांडणारा त्या योजनेसाठी स्वतः काय सोडतो आहे.

शासन जेव्हा एखादी योजना घेऊन येईल, तेव्हा तिचा नकाशा भिंतीवर लावून आपण हा प्रश्न विचारावा. विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांसाठी कायद्याने मुदत दिलेली असते. ती मुदत लग्नसराईत किंवा पावसाळ्यात निघून जाऊ देऊ नये. आपल्यातील शिक्षकांनी, अभियंत्यांनी, वकिलांनी तो नकाशा गावकऱ्यांना समजावून सांगावा. कोणाचे शेत जाणार, कोणाचा भूखंड वाचणार, कोणते सरकारी कार्यालय कोठे जाणार याची एक यादी करावी. ज्या यादीत सामान्य माणसाच्या नावापुढे 'जाणार' आणि अधिकाराच्या जागेपुढे 'राहणार' असे लिहिलेले असेल, ती योजना कितीही देखणी असली तरी तिच्यावर सही करण्यापूर्वी बेलापूरच्या त्या तीन अक्षरांचे स्मरण ठेवावे.